डेटनचा खटला आणि पाडल्याचे दगड

धार जिल्ह्यात बागजवळ पाडल्या नावाचं गाव आहे. इंदूरहून साधारण दीडशे किलोमीटर. तिथले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या काही गोल दगड पुजत आले आहेत. दैवताचं नाव काकड भैरव. शेताची आणि गुराढोरांची राखण तो करतो, येणारं संकट परतवतो, अशी श्रद्धा. 2023 च्या अखेरीस लखनौच्या बीरबल साहनी पुराविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ते दगड पाहिले आणि सांगितलं, की ही टायटनोसॉर गटातल्या डायनासोरांची अंडी आहेत, कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झालेली.

बातमी देशभर गेली. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांनी ती हसण्यावारी नेली. मी इंदूरमध्ये आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, पण मला हसू आलं नाही. शेतात सापडलेला वेगळ्या घडणीचा दगड या लोकांनी फेकून दिला नाही, फोडला नाही, जपून ठेवला. वाडवडिलांच्या हातून तो आजच्या शास्त्रज्ञापर्यंत पोचला तो त्या पूजेमुळे. पाडल्यात श्रद्धा आणि विज्ञान एकाच दगडापाशी भेटले, आणि कुणी कुणाला कोर्टात खेचलं नाही.

शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मात्र खेचलं होतं. त्या खटल्यावरचं नाटक जगभर गाजलं, आणि धर्म विरुद्ध उत्क्रांती म्हटलं की शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आजही तेच चित्र येतं. जेरोम लॉरेन्स आणि रॉबर्ट ई. ली यांचं ‘इनहेरिट द विंड’ 1955 साली रंगभूमीवर आलं. 1960 मध्ये स्टॅन्ली क्रेमरने त्यावर सिनेमा केला. स्पेन्सर ट्रेसी आणि फ्रेडरिक मार्च हे दोन कसलेले नट त्यात समोरासमोरचे वकील आहेत. हा सिनेमा मी शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या वर्गांना दाखवत असे. इंग्रजी संवाद मुलांना निम्मेच कळायचे, तरी उलटतपासणीच्या प्रसंगात हॉल चिडीचूप व्हायचा.

नाटकातलं गाव हिल्सबरो हे काल्पनिक. तिथला तरुण शिक्षक डार्विन शिकवतो म्हणून तुरुंगात पडतो, त्याची वाग्दत्त वधू धर्मोपदेशकाची मुलगी असते, गाव त्याच्या जिवावर उठतं, आणि शेवटी धर्माच्या बाजूचा वकील कोर्टातच कोसळून मरतो. बचावाचा वकील जाताना डार्विनचं पुस्तक आणि बायबल हातात तोलून पाहतो आणि दोन्ही एकत्र घेऊन जातो. नाटक म्हणून हे फार चांगलं आहे. लेखकांचा रोख त्यांच्या काळातल्या सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेवर होता, माणसाला विचार करायचा हक्क आहे की नाही यावर होता. पण खरा खटला याहून वेगळा आहे, आणि मला तो नाटकापेक्षा जास्त शिकवून गेला.

टेनेसी राज्यात मार्च 1925 मध्ये बटलर कायदा झाला. माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला असं सरकारी शाळेत शिकवणं हा त्याने गुन्हा ठरवला. नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने वर्तमानपत्रात निवेदन दिलं, की या कायद्याला आव्हान देणारा शिक्षक हवा, खटल्याचा खर्च आम्ही करू. डेटन हे जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव, तिथल्या खाणी बंद पडत चाललेल्या. रॉबिन्सनच्या औषधांच्या दुकानात बसून गावच्या चार प्रतिष्ठितांनी ठरवलं, की खटला इथेच झाला तर गावाचं नाव होईल, चार पैसे येतील. मग त्यांनी जॉन स्कोप्सला बोलावून घेतलं. वय 24, फुटबॉल शिकवणारा, विज्ञान-गणिताचे तास घेणारा, जीवशास्त्राच्या शिक्षकाच्या जागी काही दिवस वर्गावर गेलेला. तो तयार झाला. उत्क्रांतीचा तो धडा आपण खरोखर घेतला होता का, हे पुढे त्याला स्वतःलाही नक्की आठवत नव्हतं. तुरुंगात तो एक दिवसही गेला नाही.

आणखी एक गोष्ट मी मुलांना नेहमी सांगत असे. स्कोप्सच्या हातात जे पुस्तक होतं, जॉर्ज हंटरचं ‘सिव्हिक बायॉलॉजी’, ते राज्याने मंजूर केलेलं क्रमिक पुस्तक होतं. उत्क्रांती त्यात होती. ते त्याच रॉबिन्सनच्या दुकानात विकायलाही होतं. म्हणजे राज्य शिक्षकाला पुस्तक देत होतं, आणि त्यातलं शिकवलं तर त्याच्यावर खटलाही भरत होतं.

खटला 10 जुलै 1925 ला सुरू झाला आणि 21 तारखेला संपला. शिकागोच्या रेडिओ केंद्राने तो थेट ऐकवला. सरकारच्या बाजूने विल्यम जेनिंग्ज ब्रायन उभे होते, तीनदा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले. बचावाला क्लॅरन्स डॅरो, देशातले नामांकित फौजदारी वकील. नाटकात ब्रायनचा नुसता हटवादी म्हातारा झाला आहे, आणि हा त्यांच्यावर अन्याय आहे. शेतकऱ्या-कामगारांचा कैवार घेऊन त्यांनी हयात घालवली होती. बळी तो कान पिळी हे तत्त्व डार्विनच्या नावावर खपवून कारखानदार गरिबांना पिळतात आणि सेनापती युद्धं पेटवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. हंटरच्या पुस्तकातही माणसांचे वंश वरचे-खालचे लावलेले होते आणि ‘कमी प्रतीच्या’ माणसांची पैदास रोखावी असं शिकवलेलं होतं. ब्रायन यांची भीती खोटी नव्हती. चूक इथे झाली, की विज्ञानाचा दुरुपयोग रोखण्यासाठी त्यांनी विज्ञानच मुलांपासून लांब ठेवायला निघालेल्या कायद्याला पाठबळ दिलं.

नाटकाने अजरामर केलेली उलटतपासणी 20 जुलैला झाली. उकाडा भयंकर, माणसांच्या भाराने कोर्टाचा मजला खचेल अशी धास्ती, म्हणून न्यायाधीश रॉलस्टन यांनी कामकाज बाहेर हिरवळीवर आणलं. डॅरोने ब्रायननाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावलं. माशाने योनाला गिळलं ते खरं का? यहोशवाने सूर्य थांबवला तो कसा? पृथ्वीचं वय काय? ब्रायननी कबूल केलं, की सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच होते असं नाही. लोक दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी ती सगळी साक्ष कामकाजातून काढून टाकली. ज्युरी त्या वेळी हजरच नव्हती, त्यामुळे निकाल देणाऱ्यांनी ती ऐकलीच नाही.

माझ्या दृष्टीने खटल्याचा गाभा त्या हिरवळीवर नाही, त्याआधीच्या दिवसांत आहे. उत्क्रांती म्हणजे काय हे समजावून सांगायला बचावाने प्राणिशास्त्र, भूशास्त्र, मानवशास्त्र यांचे अभ्यासक बोलावले होते. त्यांतल्या एकालाच, मेनार्ड मेटकाफ यांना, साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहता आलं, तेही ज्युरीला बाहेर पाठवून. मेटकाफ प्राणिशास्त्रज्ञ होते आणि चर्चला जाणारे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. दोन्ही गोष्टी एका माणसात कशा नांदतात याचा हा जिवंत पुरावा कोर्टात बसलेला होता. बाकीच्यांची म्हणणी लेखी घेऊन कागदपत्रांत ठेवली गेली. शिकवलं की नाही एवढाच प्रश्न आहे, जे शिकवलं ते खरं की खोटं हा प्रश्न नाही, असं न्यायाधीशांनी ठरवलं. ज्युरीने सुमारे नऊ मिनिटांत स्कोप्सला दोषी ठरवलं. दंड 100 डॉलर. पाच दिवसांनी डेटनमध्येच ब्रायन झोपेत गेले. 1927 मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षा रद्द केली ती एका तांत्रिक कारणाने: 50 डॉलरवरचा दंड ज्युरीने ठरवायला हवा होता, तो न्यायाधीशांनी ठरवला. कायदा तसाच राहिला, थेट 1967 पर्यंत.

सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटतं विज्ञान जिंकलं. वर्तमानपत्रांत जिंकलं असेल. शाळांत ते हरलं, आणि तेही गुपचूप. हंटरच्या पुस्तकाची सुधारलेली आवृत्ती 1926 मध्ये निघाली, तिच्यात उत्क्रांतीचा भाग छाटलेला होता. इतर प्रकाशकांनीही वाद नको म्हणून तोच मार्ग धरला. बहुतेक राज्यांत त्यासाठी कायदाही करावा लागला नाही, कुणाला अटक झाली नाही, आणि अमेरिकेतल्या कितीतरी मुलांनी शाळा संपवली ती डार्विनचं नावही धड न ऐकता. रशियाने 1957 साली स्पुटनिक सोडला, विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो अशी घबराट झाली, तेव्हा कुठे साठच्या दशकात नव्या पुस्तकांमधून उत्क्रांती परत आली. कोर्टातल्या बारा दिवसांत जे नुकसान झालं नाही ते पाठ्यपुस्तकाच्या कात्रीने तीस-पस्तीस वर्षं केलं.

आपल्याकडे डेटनसारखा खटला झाला नाही. मराठी मनाने डार्विनशी भांडण मांडलं नाही. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळक डार्विन आणि हेकेल यांची मतं सांख्यांच्या सृष्टिक्रमाशेजारी ठेवून पाहतात. आपल्या पुराणांतली युगं लाखो वर्षांची, त्यामुळे पृथ्वीचं मोठं वय ऐकून आपल्याला धक्का बसत नाही. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन ही उत्क्रांतीच की, असं म्हणत दशावताराचा दाखला आजही कीर्तनात आणि लग्नाच्या पंगतीत दिला जातो. माझ्या घरी गौरी-गणपती बसतात, दशावताराची गोष्ट मी नातवंडांना आवडीने सांगते. पण वर्गात मी ती तुलना कधी येऊ दिली नाही. अवतारकथेत एकच देव वेगवेगळी रूपं घेऊन संकटात धावून येतो. उत्क्रांतीत कुणी कुणाचं रूप घेत नाही. एका पिढीतली पिल्लं एकसारखी नसतात, त्यांतली काही जगतात, त्यांचे गुण पुढे जातात, आणि हे लाखो पिढ्या चालत राहिलं की एका फांदीच्या अनेक फांद्या होतात. ही दोन सत्यं वेगवेगळ्या जागी उभी आहेत. त्यांची सरमिसळ केली की गोष्टीचाही रस जातो आणि विज्ञानही कळत नाही.

न कळण्याचा परिणाम जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला दिसला. वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी दोनच दिवसांत एकत्र निवेदन काढून ते खोडलं. त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही आपल्या सहकाऱ्याला अशी विधानं टाळायला सांगितलं.

मंत्र्यांनी जे विचारलं तेच माझ्या वर्गातली मुलं दरवर्षी विचारायची: “मॅडम, बंदर अब आदमी क्यों नहीं बनते?” प्रश्न अगदी योग्य आहे आणि उत्तरही सोपं आहे. माकड आपला आजोबा नव्हे, दूरचा चुलत भाऊ. दोघांचे पूर्वज कधीकाळी एक होते, मग वाटा फुटल्या. चुलत भाऊ काही आपल्यात रूपांतरित होत नाही. दहावीच्या मुलाला हे एका तासात समजतं. ज्याला तो तास मिळाला नाही, तो पुढे मंत्री झाला तरी प्रश्न तिथेच अडकून राहतो.

आणि तो तासच गेला. कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करायचा म्हणून 2022 मध्ये एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांची छाटणी जाहीर केली. दहावीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ असं प्रकरण होतं, त्याचं नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. जीवाश्म गेले, नव्या जाती कशा होतात ते गेलं, मानवाची उत्क्रांती गेली. काही डायनासोरांना पिसं होती, ती आधी ऊब देत आणि उडण्यासाठी नंतर कामी आली, हा सुंदर उतारा गेला. एप्रिल 2023 मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. उत्तर मिळालं, की बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच. तो तिथे आहे हे खरं. पण दहावीनंतर वाणिज्य, कला किंवा गणित घेणारा मुलगा बारावीचं जीवशास्त्र उघडतच नाही. उद्याचे वकील, न्यायाधीश, पत्रकार, आमदार यांतले बहुतेक त्याच बाकांवरून येतात.

छाटणी जाहीर झाली त्याच वर्षी, जून 2022 मध्ये, दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी पाडल्याच्या परिसरातल्या एका अंड्याबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केला. अंड्याच्या आत दुसरं अंडं. पक्ष्यांमध्ये असं क्वचित होतं: तयार झालेलं अंडं बाहेर न पडता मागे सरकतं आणि त्याच्याभोवती दुसरं कवच चढतं. कासव, सरडे, मगर यांच्यात हे कधी आढळलेलं नाही. टायटनोसॉरच्या पोटातली अंडी घडवणारी यंत्रणा पक्ष्यांशी मिळतीजुळती असावी, असं त्या एका दगडावरून दिसलं. उत्क्रांतीचा इतका नेमका पुरावा आमच्या उंबरठ्यावर सापडला, आणि जीवाश्म म्हणजे काय हे सांगणारी पानं त्याच सुमारास पुस्तकातून निघून गेली. मला याचं आजही वाईट वाटतं.

हा सगळा प्रदेशच एक उघडी प्रयोगशाळा आहे. माळव्याची काळी माती ज्या लाव्ह्यापासून झाली तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खालच्या थरात डायनासोरांची ही घरटी आहेत. जानेवारी 2023 मध्ये छापलेल्या अभ्यासात नर्मदेच्या खोऱ्यातली 92 घरटी आणि 256 अंडी नोंदली गेली. त्याच्या कितीतरी आधी, 2007 च्या सुमारास, विशाल वर्मा आणि त्यांच्या मंगल पंचायतन परिषदेच्या हौशी मंडळींनी बाग-कुक्षीच्या रानात पायपीट करून शंभरावर अंडी शोधली होती. नर्मदेकाठी सीहोर जिल्ह्यात हथनोरा आहे. तिथे 5 डिसेंबर 1982 ला भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अरुण सोनकिया यांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. शाळांच्या सहली मांडूला जातात, रूपमती महाल पाहून परततात. तीच बस आणखी पुढे बागपर्यंत न्यायला हरकत नाही.

कोर्टाचं म्हणाल तर ऑक्टोबर 2023 मध्ये प्रकरण तिथेही पोचलं. डार्विन आणि आइन्स्टाइन दोघंही चुकले आहेत, हे सिद्ध करायला व्यासपीठ मिळावं अशी याचिका एकाने सर्वोच्च न्यायालयात केली. न्या. संजय किशन कौल आणि न्या. सुधांशू धूलिया यांनी ती फेटाळली. सिद्धांत चुकीचा वाटत असेल तर स्वतःचा मांडा, न्यायालय काय करणार, असा त्यांचा सूर होता. हा निकाल मला फार बरोबर वाटतो. विज्ञानातलं खरं-खोटं न्यायाधीशाने ठरवायचं नसतं. लोकांच्या कानावर काय पडू द्यायचं, एवढ्याचाच झगडा कोर्टात होऊ शकतो. मराठीत तो र. धों. कर्वे यांनी लढला. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटले झाले, 1934 च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि तरीही कर्वे हरले, दंड भरला. मासिक मात्र 1953 पर्यंत चालवलं. अजित दळवी यांनी लिहिलेलं आणि अतुल पेठे यांनी बसवलेलं ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक याच खटल्यांवर उभं आहे. ‘इनहेरिट द विंड’ आवडलेल्या प्रत्येकाने ते पाहायला हवं.

पुस्तकातल्या पानांचा मी एवढा आग्रह का धरते, ते एका पालकामुळे. माझ्या नोकरीच्या काळात एक गृहस्थ तावातावाने शाळेत आले होते. आम्ही भाविक माणसं, आमची मुलगी घरी येऊन माकडाच्या गोष्टी सांगते, हे चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना स्टाफरूममध्ये बसवलं, पाणी दिलं आणि दहावीचं पुस्तक पुढे ठेवलं. ते बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, “किताब में है, तो पढ़ाइए.” ते पटून गेले असं मी म्हणणार नाही. पण माझ्यामागे पुस्तक उभं होतं. आज माझ्या जागी शिकवणारी तरुण शिक्षिका सांगते, की मुलांनी विचारलं तर ती दोन वाक्यांत उरकते. परीक्षेत नाही, पुस्तकात नाही, आणि कुणी तक्रार केली तर दाखवायला हातात काही नाही.

महाराष्ट्रात स्थिती वेगळी आहे. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 या पुस्तकातला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. 2018 पासून तो तिथे आहे. माझ्या भावाची नात पुण्यात तो शिकली. इंदूरच्या सीबीएसई शाळेत जाणाऱ्या तिच्या वयाच्या मुलाला तो मिळाला नाही.

टेनेसीत उत्क्रांती शिकवणं गुन्हा होता. भारतात तसा कोणताही कायदा नाही. पुस्तकातून धडा गेला म्हणून वर्गातून जायलाच हवा असं नाही. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर इथे दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की वर्षातला एक तास यासाठी राखून ठेवा. मराठी पालकांनाही सांगते: बालभारतीचं ते पुस्तक मराठीत आहे, त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतं. पहिला पाठ काढा आणि तुमच्या दहावीतल्या मुलाबरोबर बसून वाचा.